बेरियाट्रिक शस्त्रक्रिया

बेरियाट्रिक शस्त्रक्रिया म्हणजे तीव्र लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर, आणि काही प्रकारांत लहान आतड्यावरही, केली जाणारी शस्त्रक्रिया होय. चरबी शोषून काढणाऱ्या लायपोसक्शनशी तिची गल्लत केली जाते, ते निराळे.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. मात्र काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. तीव्र आम्लपित्ताच्या रुग्णास बहुधा हा प्रकार सुचवला जातो, कारण स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते.

खर्च व विमा

रुग्णालयाचे देयक हा खर्चाचा केवळ आरंभ होय. ब-१२ व ड जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या, तसेच नियमित रक्ततपासण्या आयुष्यभर चालू राहतात. अंदाजपत्रकात हा भाग सहसा नसतो.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई व्यक्तींसाठी देहवस्तुमान निर्देशांक २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. भारतीय विमा नियामकाच्या २०१९ च्या निकषांत मात्र ही मर्यादा ४० आहे. अनियंत्रित मधुमेह, हृद्रोग किंवा तीव्र निद्राश्वसनरोध असून इतर उपाय निष्फळ ठरल्यास ३५. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी २७.५ म्हणजे सुमारे ७० किलो, तर ४० म्हणजे १०२ किलो वजन. या दोहोंमधील अनेक रुग्णांना वैद्यकीय सल्ला मिळूनही खर्च स्वतःच सोसावा लागतो.