ओळखीच्या शब्दांची ठेच

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाच्या दारातून आत शिरलं की भाषा बदलते, पण पुरती नाही. गणपतीत प्रसादाच्या रांगेत 'मुलीची अ‍ॅडमिशन झाली का गं?' असा प्रश्न मराठीत येतो आणि 'झाली ना, हिंदी एमएला, पर फीस बढ़ गई है' असं उत्तर मध्येच रूळ बदलतं. मंडळ 1935 सालचं. तेव्हा रायपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि राजधानी नागपूर. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2000 साली तेही छत्तीसगड झालं. घर न बदलता प्रांत बदलत गेलेली आम्ही माणसं. ग्रेट ईस्टर्न रोडनं थोडं पुढे गेलं की 1964 साली सुरू झालेलं रविशंकर शुक्ल विद्यापीठ लागतं. हिंदी शिकायची म्हणून आमच्यापैकी कुणाला गाव सोडावं लागत नाही.

जन्मापासून हिंदी कानावर असलेल्यांना हिंदीचा पेपर सोपा, असा एक समज आहे. मी त्याची किंमत दिली आहे. बीएच्या पहिल्या वर्षी मी लिहिलं, 'मीरा को सहसा समाधान नहीं मिलता।' मला म्हणायचं होतं, तिचं मन सहसा तृप्त होत नाही. हिंदीत 'सहसा' म्हणजे एकाएकी आणि 'समाधान' म्हणजे उकल. सरांनी वही वर धरून विचारलं, 'मीरा कौन-सा सवाल हल कर रही थी?' वर्ग हसला, मीही हसले, अर्थ मात्र घरी शब्दकोश काढल्यावर कळला. अनोळखी शब्दाला माणूस थांबून विचारतो. ओळखीचा शब्द बेसावध गाठतो. 'शिक्षा', 'आपत्ति', 'चेष्टा' ही त्याच टोळीतली.

लिंगाचं दुखणं त्याहून चिवट. आपलं नपुंसकलिंग हिंदीत नाहीच, म्हणून 'पुस्तक' स्त्रीलिंगी करायचं, हे एकदा पाठ होतं. पण देह, आवाज, विजय, आत्मा, मृत्यू हे मराठीतले सगळे पुरुष हिंदीत गेले की बायका होतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या हिंदीत मृत्यू शेवटपर्यंत 'आया'च. 'आई' कधी झाली नाही.

माधवराव सप्रे (1871-1926) या वाटेनं फार आधी गेले. जन्म दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडचं, घरची भाषा मराठी. त्यांच्या विद्यार्थिदशेत हिंदीत एमए करायची सोयच नव्हती. कलकत्ता विद्यापीठानं भारतीय भाषांचं एमए सुरू केलं ते 1919 साली. सप्र्यांनी मग आपलं विद्यापीठ आपणच थाटलं म्हणा ना. 1900 साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' मासिक काढलं. 1901 साली त्यात आलेली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये मोजली जाते. पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं. गीतारहस्याचा अनुवाद म्हणजे 'सहसा'सारख्या शब्दांच्या रानातून चालणं. पानोपानी तत्सम शब्द, आणि प्रत्येकाला विचारायचं, बाबा रे, तू तिकडेही तोच आहेस ना?

मुक्तिबोधांनी मात्र रीतसर परीक्षा दिली, तीही उशिरा. गजानन माधव मुक्तिबोध 1917 साली श्योपूरला मराठी घरात जन्मले, 1938 साली इंदूरच्या होळकर कॉलेजातून बीए झाले, आणि नोकऱ्या बदलत, लिहीत, पस्तिशी उलटल्यावर नागपूर विद्यापीठातून हिंदीत एमए. ज्याच्या कवितेवर पुढे लोकांनी पीएचडी केल्या, त्याला कॉलेजात शिकवायला एमएचा कागद लागलाच. 1958 साली राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. रायपूरहून नागपूरच्या रस्त्यानं दीड-दोन तासांत राजनांदगाव येतं. कॉलेज जुन्या राजवाड्यात, दोन बाजूंना राणीसागर आणि बूढासागर तलाव. तिथे त्यांच्या घरातला गोल जिना आजही दाखवतात. अरुंद, वळता वळता वरचं काही दिसू न देणारा. त्यांची कविता वाचलेला माणूस त्या पायऱ्यांवर गप्प होतो. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतच राहिले, कवी आणि 'क्षिप्रा'चे कादंबरीकार झाले. एका घरातल्या दोन भावांना दोन भाषांनी वाटून घेतलं, आणि भांडण झाल्याचं ऐकिवात नाही.

उर्दूची आपली कथा दुसरीकडची. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. विज्ञान, वैद्यकसुद्धा उर्दूतून. मराठवाड्यातल्या पोरांना शिकायचं तर उर्दूला पर्याय नव्हता. त्या सक्तीबद्दल राग होता, तो रास्तही होता. पण निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींसारख्यानं तीच भाषा पुढे गालिब मराठीत आणायला आणि फारसी कागदांतून मराठ्यांचा इतिहास धुंडाळायला वापरली.

माझी भाची सध्या उर्दू शिकते आहे. इथे ठेच उलट बाजूनं लागते. तालीम म्हणजे शिक्षण, तिथे दंड-बैठका नाहीत. फ़ाज़िल म्हणजे विद्वान. आमच्या आजोबांचा 'फाजील शहाणा' तिला आता बहुमान वाटतो. शिकस्त म्हणजे पराभव, आणि आपण प्रयत्नांची शिकस्त करतो! उच्चारात मात्र मराठीनं तिला हात दिला. शेजारचे हिंदी भाषक 'जमीन'मधला ज 'जय'सारखा म्हणतात, आपला ज दातांशी घासून ज़च्या जवळ जातो. अडतं ते लिहिताना. जमीन, जरा, हजर, नजर. आपल्याला चारींत एकच ज. उर्दूत जमीन 'ज़े'नं, जरा 'ज़ाल'नं, हाज़िर 'ज़ाद'नं, नजर 'ज़ोए'नं.

गेल्या आठवड्यात तिनं 'जरा' 'ज़े'नं लिहिला आणि वहीवर लाल गोल आला.

'मावशी,' ती म्हणाली, 'जराशासाठी एवढं?'