रिमोटची गाडी वारंवार कां मोडते?

आजच्या भाषणाचा विषय मला आमच्या घरांतील एका खेळण्यानें दिला आहे. किनवटास माझ्या नातवापाशीं हातभर लांबीची एक गाडी आहे. तिला दोरी नाहीं, तार नाहीं. मुलगा ओसरीवर बसून खटका दाबतो आणि ती अंगणांत धांवते. धांवते म्हणण्यापेक्षां धांवत असे म्हणावें. कारण दिवाळीपासून ती चार वेळां मोडली. चौथ्या वेळीं पोरानें ती कोपऱ्यांत भिरकावली व म्हणाला, "आजोबा, ही गाडीच भिकार आहे. दुकानदार म्हणतो, दुरुस्त करूं नका, नवीच घ्या." गाडीपेक्षां या उत्तराचीच मला अधिक चिंता वाटली. आम्ही दोघांनीं पेचकस घेतला व गाडीचें झांकण उघडलें.

अशी बिनतारी युक्ति नवी नव्हे. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें हौदांतील लहानशी नाव रेडिओ-लहरींनीं फिरवून दाखविली होती. हातांतील यंत्र लहरी सोडतें. गाडींतील ग्राहक त्या ओळखून मोटरीला वीज पुरवितो. आमच्या गाडींत हा भाग शाबूत होता. दुखणें त्याच्या खालीं होतें.

मोटरीच्या टोंकाशीं पितळेचें लहान दांतेरी चाक असतें. तें प्लॅस्टिकचें मोठें चाक फिरवितें. या मोठ्या चाकाचे तीन दांते तुटले होते. शिवाय एका तारेचा डाख सुटला होता आणि चाकांच्या कण्याभोंवतीं केंस व धागे घट्ट गुंडाळले होते. नातवास वाटलें, हे तीन निराळे दोष. वस्तुतः हें एकच दुखणें होय.

फिरणारी मोटर स्वतःच थोडी उलट दिशेची वीज निर्माण करिते व त्यामुळें प्रवाह आटोक्यांत राहतो. गाडी भिंतीशीं अडली, किंवा धाग्यांनीं कणा आवळला, आणि बोट खटक्यावर तसेंच राहिलें, म्हणजे ती उलट वीज नाहींशी होते. प्रवाह कित्येक पटींनीं वाढतो, तारा तापतात, आणि आधींच आदळआपटीनें खिळखिळा झालेला डाख सुटतो. इकडे सारा जोर दांत्यांवर येतो. पितळ टिकतें, प्लॅस्टिक तुटतें.

उपाय साधे आहेत. गाडी अडतांच बोट उचलावें. खेळून झाल्यावर कण्यावरील धागे चिमट्यानें काढावे. दांतेरी चाकें बसवितांना मध्यें वहीच्या कागदाची पट्टी धरावी व मग ती काढून घ्यावी. फार घट्ट बसलेले दांते झिजतात, फार सैल बसलेले एकमेकांवरून घसरतात. मात्र लिथियमची बॅटरी फुगली असल्यास तिला टोंचूं नये, पुन्हां भारूंही नये. ती वडील माणसांनींच दूर करावी.

आमच्या सीमेपलीकडे, तेलंगणांतील निर्मळ येथें हलक्या लांकडाचीं सुरेख खेळणीं होतात. त्यांतील पोपटाचा पंख मोडला तर सरसानें चिकटवितां येतो, कारण मोडलेलें डोळ्यांना दिसतें. या गाडीचा दोष झांकणाखालीं लपतो, म्हणूनच तिचा राग येतो.

नांदेडास एका निकामी गाडींतून तसलेंच चाक मिळालें व आमची गाडी धांवूं लागली. आठ दिवसांनीं ती पुन्हां थांबली. या वेळीं नातवानें ती भिरकावली नाहीं. उलटी करून कण्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "आजोबा, जरा चिमटा द्या."