खाजण आणि तिवर : डहाणू-तलासरीच्या खाडीकाठची भूमी

‘आगर’ हा शब्द मराठीत दोन परस्परविरोधी जमिनींना लागतो. खारे पाणी आत घेऊन मीठ पिकवावयाचे ते मिठागर, आणि खारे पाणी बाहेर ठेवून नारळी-पोफळी वाढवावयाची तीही आगरच. डहाणू तालुक्यात याच नावाचे एक गाव आहे. किनाऱ्यालगतच्या या सखल पट्ट्यातील शेती कशी टिकते, हे या शब्दातूनच कळू लागते.

पूर्वेकडील डोंगरउतारांवरचे पावसाळी पाणी खाडीत उतरते. समोरून दिवसातून दोनदा भरती चढते. या दोहोंमधील चिखलट जमीन म्हणजे खाजण. मातीचा बांध घालून ती भाताखाली आणली जाते. बांधातील उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतील पाणी बाहेर सोडते. पहिल्या पावसाच्या सरी क्षार धुऊन काढतात, मग खारवट जमीन सोसणारे भात लागते. उन्हाळ्यात मात्र जमिनीतील ओलावा वर येताना क्षारही वर आणतो. म्हणूनच येथे दुबार पीक सहसा साधत नाही.

बांधाबाहेर तिवरांचे जंगल उभे असते. चिखलात प्राणवायू नसल्याने तिवराची श्वासमुळे वर निघतात. पानांवाटे ते जादा मीठ बाहेर टाकते. लाटांचा जोर मोडून ते गाळ धरून ठेवते, म्हणजे बांधाचे रक्षणच करते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिवर हा शत्रू नव्हे. तो बांधाच्या कोणत्या बाजूस आहे, एवढाच प्रश्न.

आणि अडचण नेमकी तेथेच आहे. बांधाला खांड पडून ती वेळीच बुजविली गेली नाही, तर भरतीबरोबर बीजे शेतात येतात व काही वर्षांत भाताच्या जागी वन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने राज्यातील कांदळवन तोडण्यास बंदी घातली असून ती खासगी जमिनीसही लागू आहे. निर्णय आवश्यक होता, हे निःसंशय. पण सातबारा शेताचा आणि उभे झाड संरक्षित, अशा स्थितीत बांध पुन्हा घातला तरी शेत परत मिळत नाही. रायगड जिल्ह्यातील खारपट्ट्यात हा अनुभव आलेला आहे.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित झाला. त्यातील निर्बंधांचा रोख मुख्यतः उद्योगांकडे व भूमिवापराच्या बदलाकडे होता. भरतीने आपणहून घडविलेला बदल त्या चौकटीत सहज बसत नाही. १९७९ च्या खारजमीन विकास अधिनियमात बंदिस्तीची तरतूद आहे. परंतु खांड बुजविण्यास एखादा पावसाळा लोटला, तर भरती तेवढा काळ थांबून राहत नाही.