आवक क्रमांक मागून घ्या

नगरपरिषदेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ आवक-जावकच्या खिडकीत. खिडकीशी येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : “साहेब कुठं बसतात?” मी विचारायचो, “काम काय आहे?” पालिकेत साहेब शोधण्यापेक्षा टेबल शोधलं तर काम लवकर होतं.

आमचं गाव ‘ब’ वर्गात, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजार ते एक लाख. लाखाच्या वर ‘अ’, चाळीस हजारांच्या आत ‘क’. ही वर्गवारी 1965 च्या कायद्यातली. त्याच कायद्यानं पालिकेला दोन कारभारी दिले. नगराध्यक्ष लोकांचा, मुख्याधिकारी शासनानं नेमलेला. नगराध्यक्ष थेट जनतेनं निवडायचा की नगरसेवकांनी, यावर सरकारांचं मत बदलत राहिलं. 2020 मध्ये थेट निवड काढली, 2022 मध्ये पुन्हा आणली. निम्म्या जागा मात्र 2011 पासून महिलांच्याच आहेत.

कामाची वाटणी सोपी आहे. सभेनं ठराव करायचा, मुख्याधिकाऱ्यानं तो अमलात आणायचा. ठराव कायद्यात बसत नसेल तर जिल्हाधिकारी तो रोखू शकतात. म्हणून नगरसेवकानं “करून टाकतो” म्हटलं, तरी कागद फिरतो तो टेबलांवरूनच.

माझी पहिली नेमणूक जकात नाक्यावर होती. रात्री ट्रक थांबवायचा, बिल्टी बघायची, पावती फाडायची. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिजोरीत रोज पडणारा पैसा थांबला. बदल्यात शासनाचं अनुदान आलं. आता हातात उरली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. तेव्हा येणारी नोटीस लोक फ्रिजवर ठेवून विसरतात आणि बिल आलं की भांडायला येतात. हरकत घ्यायची वेळ नोटिशीतच छापलेली असते. जन्माच्या नोंदीचंही तसंच. एकवीस दिवसांत नोंद फुकट होते, पुढं विलंब शुल्क सुरू होतं आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

एक आजी तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन चार वेळा आल्या. चारही वेळा तोंडीच. आरोग्य विभागातून “माणूस पाठवतो” एवढंच उत्तर मिळालं. पाचव्यांदा मी त्यांना कोरा कागद दिला. त्यांनी सांगितलं, नातवानं लिहिलं, मी शिक्का मारून पोचेवर क्रमांक घातला. आठवड्याच्या आत मुकादम दोन माणसं आणि फावडी घेऊन त्यांच्या दारात.

यात जादू काही नाही. तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावरची रेघ. कागद नोंदला की तो त्या कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढतो. आठवड्याच्या गोषवाऱ्यात किती आले, किती निकाली, किती शिल्लक हे वरिष्ठांपुढं ठेवावं लागतं. शिल्लक खाली आपलं नाव कुणालाच नको असतं. शिवाय 2015 पासून सेवा हक्क कायदा आहे. दाखला, नळजोडणी अशा अधिसूचित सेवेची मुदत ठरलेली असते आणि ती टळली तर अपील करता येतं. पण अपिलाला अर्जाची तारीख लागते, आणि ती त्या पोचेवरच असते.

पालिकेच्या हातून चांगलं काम होतच नाही, असंही नाही. स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांत 2021 मध्ये विटा देशात पहिलं आलं, 2023 मध्ये सासवड. तिथंही कायदा हाच, टेबलंही हीच.

परवा आमच्या गल्लीतला दिवा बंद पडला म्हणून मीच अर्ज घेऊन गेलो. खिडकीतला नवा मुलगा हसून म्हणाला, “काका, तुम्ही घरचेच. ठेवून जा, बघतो मी.”

मी खिडकीतून हललो नाही. म्हटलं, “बाळा, आधी शिक्का मार.”