गोचीड कुत्र्यावर, अंडी भिंतीत

उन्हाळ्यात वस्तीतल्या कुत्र्यांच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरतात. घरोघरी फिरताना आम्ही पाहतो, लोक रॉकेल नाहीतर फवारणीचे औषध चोळतात. स्वस्त पडते म्हणे! कुत्रे अंग चाटते, विष पोटात जाते. त्याच कुत्र्याला लेकरं बिलगतात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, उकळत्या पाण्यात टाका. नखाने चिरडू नका, त्यातून माणसालाही ताप येऊ शकतो. मादी रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. नुसते कुत्रे धुऊन भागत नाही. भेगा लिंपा, त्याचे गोणपाट गरम पाण्यातून काढा. औषध सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून, कुत्र्याचे वजन सांगूनच घ्या. ते खाईना, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर त्याच दिवशी न्या.