छातीत पाणी कुठून येतं?

डॉक्टर म्हणाले, "छातीत पाणी झालंय", की घरातले आधी रुग्णाचा पाण्याचा तांब्या उचलून ठेवतात. पण प्यायलेलं पाणी थेट छातीत उतरत नाही. हे पाणी फुफ्फुसाच्या आत नसतंच, ते त्याच्याभोवती साठतं.

दोन पदर

एक पातळ आवरण फुफ्फुसाला चिकटलेलं, दुसरं बरगड्यांना आतून. मधे जेमतेम दोन-चार चमचे द्रव, पदर एकमेकांवरून सरकावेत म्हणून. वेदना कळते ती बाहेरच्या पदराला. सूज आली की पदर घासतात. खोल श्वास घेताना, खोकताना कुशीत चमक निघते. मग पाणी साठतं, पदर दूर होतात आणि दुखणं थांबतं! रुग्णाला वाटतं, उतार पडला. प्रत्यक्षात आजार वाढलेला असतो आणि जिना चढताना धाप लागू लागते.

पाणी कशाचं?

तरुण माणूस, एकाच बाजूला पाणी, संध्याकाळचा बारीक ताप, घटलेलं वजन: आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा. न्यूमोनिया किंवा कर्करोगही असू शकतो. हृदय कमकुवत असेल तर पाणी बहुधा दोन्हीकडे होतं. म्हणून सुईने थोडं पाणी काढून प्रथिनं, पेशी आणि एडीए नावाचं एन्झाइम तपासतात. क्षयाच्या पाण्यात जंतू क्वचितच सापडतात, तेव्हा 'जंतू नाहीत' या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नये.

पाणी काढलं की लगेच मोकळं वाटतं आणि तिथेच गोळ्या सुटतात. क्षयाचा इलाज साधारण सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात.

पू आणि हवा

पाण्याचा पू झाला तर छातीत नळी घालावी लागते. उशीर केला तर जाड साल धरते, मग ऑपरेशन. पदरांमध्ये हवाही शिरते. उंच, सडपातळ, सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत जास्त. अचानक कळ आणि धाप आली तर तडक इस्पितळ गाठावं.

पत्र्याची धूळ

फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, मुख्यतः तंतुमय खनिज असलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो. 1960 मध्ये संशोधक वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या 33 रुग्णांची नोंद केली. त्यांत या खनिजाच्या खाणीत कधीच न उतरलेले, नुसते आसपास राहिलेलेही होते. धूळ आत गेल्यावर आजार उमटायला बहुधा 20 ते 40 वर्षं लागतात. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस आयात होऊन सिमेंटच्या पत्र्यांत वापरलं जातं. धड पत्र्यापेक्षा तो कापताना, फोडताना उडणारी धूळ घातक. निवृत्त कामगाराच्या छातीत पाणी झालं, तर तरुणपणी तो कोणत्या कामावर होता हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं.