वाढविलेल्या बळाचा बंदोबस्त

मालवाहू गाडीचा मूळ धर्म ओझे वाहण्याचा. वेगाची हौस तिच्या वाट्याला फार उशिरा आली, आणि आली ती मुख्यतः अमेरिकेत, जेथे उघड्या हौद्याची पिकअप शेतकऱ्याच्या दारी उभी असते तशीच शहरातील नोकरदाराच्याही. फोर्ड कंपनीने १९९९ ते २००४ या काळात विकलेली ‘एफ-१५० लाइटनिंग’ हे या हौसेचे मोठे बोधप्रद उदाहरण होय. ५.४ लिटरचे जे आठ सिलिंडरांचे इंजिन साध्या एफ-१५०मध्ये १९९९ साली २६० अश्वशक्ती देत असे, त्याच कुळातील इंजिनाने सुपरचार्जरच्या साहाय्याने या गाडीत प्रथम ३६० व २००१पासून ३८० अश्वशक्ती दिली. आणि तेवढ्यानेही ज्यांचे समाधान झाले नाही, अशा मालकांनी ती आपल्या हिंमतीवर आणखी वाढविली.

हे बळ येते कोठून? इंधन अधिक ओतणे सोपे आहे. परंतु एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागत असल्यामुळे बळाचा खरा हिशेब हवेशी असतो. लाइटनिंगवरील ईटन कंपनीच्या सुपरचार्जरात पिळदार पाकळ्यांचे दोन रोटर परस्परांत गुंतून फिरतात व हवा सिलिंडरांकडे रेटतात. या रचनेचे मूळ इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंच्या १८६० सालच्या पेटंटात आहे. मोटारीचा जन्मही झालेला नसताना या यंत्राने भट्ट्यांना व खाणींना वारा पुरविला, ही गोष्ट मला विलक्षण रम्य वाटते.

मात्र हवा दाबली की तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा अर्ध्या वातावरणाहून किंचित अधिक जादा दाबाने रेटली, तर गणिताच्या आदर्श यंत्रातही ती सत्तर अंशांच्या आसपास जाते, आणि रूट्स पद्धतीच्या यंत्रात, त्याची कार्यक्षमता बेताची असल्यामुळे, शंभराच्या घरात पोहोचते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे जे मिळवावयाचे तेच काही अंशी हातचे जाते. शिवाय या उष्णतेमुळे, ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच, उरलेले मिश्रण एकाएकी पेटून पिस्टनवर आघात करते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. हे टाळण्यासाठी फोर्डच्या अभियंत्यांनी इंजिनाचे दाबगुणोत्तर ९वरून ८.४वर आणले, आणि सुपरचार्जरखाली पाण्याने थंड होणारा इंटरकूलर बसवून त्याला स्वतंत्र पंप व पुढल्या बाजूस स्वतंत्र रेडिएटर दिला.

हौशी मालकाचा पहिला हात बहुधा सुपरचार्जरच्या पुलीवर पडतो. ती लहान केली की रोटर अधिक वेगाने फिरतात व दाब वाढतो. खर्च थोडा, फळ तात्काळ. पण त्या क्षणी अभियंत्यांनी राखून ठेवलेली शिल्लक खर्ची पडू लागते. वाढत्या हवेला पुरेल इतके इंधन इंजेक्टरांनी द्यावयास हवे, पूर्ण भारावर मिश्रणात एक भाग पेट्रोलास हवा १२ भागांच्या आसपासच ठेवावयास हवी, आणि ठिणगीची वेळ नव्याने बसवावयास हवी. यातील एकाचीही तजवीज राहिली तर पिस्टन वितळण्यास फार वेळ लागत नाही.

याच इंजिनाचा एक दोष जाणत्या मेकॅनिकांत सर्वश्रुत आहे. त्याच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगला धरणारे आटे संख्येने फार थोडे असल्यामुळे, ते झिजले की ज्वलनाच्या दाबाने प्लग उडून बाहेर येतो. म्हणून प्लग बदलणे ते थंड इंजिनावरच, आणि घट्ट करणे ते टॉर्कच्या पान्याने, कंपनीने ठरविलेल्या मापानेच. इंटरकूलरचा पंप खरोखर पाणी फिरवितो की नाही, त्या नळ्यांत हवा अडकली आहे काय, सुपरचार्जरचा पट्टा घसरतो काय, याची तपासणीही तितकीच अगत्याची.

मागील चाकांचा प्रश्न वेगळा आहे. हौदा रिकामा असला की मागे भार कमी, आणि चाके फिरविणारे बळ तर मागेच. त्यामुळे जोराने निघताना आस पीळ खातो, पाटे वाकतात व चाके रस्त्यावर उसळतात, म्हणून आसाला आधाराचे दांडे लावावे लागतात. थांबण्याचा विचार त्याहून महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की सुमारे २१०० किलोंच्या या गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी उष्णता ब्रेकांनी पचवावयाची असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे कोरे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे मानक सांगते, तर ओलावा शोषलेल्या ऑइलची हीच मर्यादा १४० अंश आहे. ऑइल उकळून वाफ झाली की पायाखालचे पेडल पोकळ जाते.

तेव्हा जुनी लाइटनिंग घेऊ इच्छिणाऱ्याने अश्वशक्तीची चौकशी मागाहून करावी. पुली कोणत्या मापाची आहे, प्लग केव्हा व कोणी बदलले, ब्रेक ऑइल किती जुने आहे, हे आधी विचारावे, आणि विक्रेत्यापाशी त्याची लेखी नोंद नसेल तर तो सौदा सोडून द्यावा.